तिसरीच्या वर्गातील एक दिवस कसा आखावा

प्राथमिक शाळेतील दिवसाचे नियोजन करताना आपण बहुतेक वेळा शिक्षक काय करणार याचीच नोंद करतो. अमुक पाठ शिकवणे, तमुक उदाहरणे फळ्यावर सोडवून दाखवणे, स्वाध्याय तपासणे अशा नोंदींनी टाचणवहीचे रकाने भरतात, आणि त्या अर्ध्या तासात तीस मुले काय करत होती हे कोठेच लिहिलेले नसते. या लेखात सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली आहे. दिवसाच्या प्रत्येक टप्प्यावर वर्गातील प्रत्येक मूल नेमके काय करत असेल, म्हणजे बोलत असेल, काही हाताळत असेल, वाचत असेल, लिहीत असेल की नुसते बसलेले असेल, हा प्रश्न आधी विचारावा आणि शिक्षकाचे काम त्याच्या उत्तरावरून ठरवावे, असे माझे मत आहे.

उदाहरणासाठी सोलापूर शहराच्या पूर्व भागातील मराठी माध्यमाच्या शाळेतील तिसरीचा वर्ग घेतला आहे. पटावर तीस मुले आहेत आणि शाळा साडेदहा ते पाच या वेळेत भरते असे धरले आहे. या भागात घरी तेलुगू, कन्नड, दखनी आणि मराठी बोलणारी मुले एकाच बसकरपट्टीवर मांडीला मांडी लावून बसतात, त्यामुळे एकभाषी वर्गासाठी लिहिलेले नियोजन येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. परिपाठ, जेवण, छोटी सुट्टी आणि मध्येच मागवली जाणारी माहिती वजा जाता हाती उरणारे हे चार तासच खरे शिकण्याचे असतात, हे मनाशी पक्के ठेवून पुढची आखणी करावी.

आदल्या दिवशीची तयारी

दिवसाअखेर मुलाला काय करता आले पाहिजे, ते विषयागणिक एकेका वाक्यात लिहून काढावे. ‘मुलांना मापन समजेल’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण समजले की नाही हे डोळ्यांनी पाहता येत नाही. ‘प्रत्येक मूल मोजपट्टीने पुस्तकाची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजून वहीत लिहील’ हे वाक्य कामाचे आहे, कारण ते संध्याकाळी तपासता येते. आपल्या नमुना दिवसासाठी अशी तीन वाक्ये घेऊ. भाषेत प्रत्येक मूल टॉवेलविषयी तीन ते पाच वाक्ये स्वतःच्या शब्दांत लिहील आणि लिहिलेले वाचून दाखवेल. गणितात ते सेंटीमीटरमध्ये लांबी मोजेल आणि आडव्या-उभ्या ओळींतील चौकटींची संख्या गुणाकाराने सांगेल. परिसर अभ्यासात ते कापडातील उभा आणि आडवा धागा ओळखेल आणि टॉवेल तयार होण्यामागची दोन-तीन कामे सांगेल.

टॉवेल हा तिन्ही विषयांना जोडणारा धागा मुद्दाम निवडला आहे. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, परंतु मुलांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की वर्गातील कित्येकांच्या घरात कोणी ना कोणी यंत्रमागावर काम करते, कांड्या भरते (मागासाठी धागा नळ्यांवर गुंडाळते), टॉवेलच्या कडा शिवते किंवा घड्या घालून गठ्ठे बांधते. ज्या विषयावर मुलाजवळ सांगण्यासारखे काही आहे, त्या विषयावरच ते आपणहून बोलते आणि लिहिते. ग्रामीण शाळेत हेच काम ज्वारीच्या काढणीवर, डाळिंबाच्या बागेवर किंवा उसाच्या मोळीवर करता येईल. मात्र रोजच्या रोज सर्व विषय एका धाग्यात ओवण्याचा अट्टाहास करू नये, कारण तसे केल्यास गणिताचा जो भाग स्वतंत्रपणे नीट शिकवायला हवा तो विषयाच्या सोयीसाठी वाकवला जातो. आठवड्यातून एखादा असा दिवस पुरेसा आहे.

साहित्य साधे आहे. जुन्या दिनदर्शिकांचे जाड कागद, शिंप्याच्या दोन-तीन फिती, मोजपट्ट्या, घरून आणलेला एक टॉवेल, एक साध्या विणीचे सुती कापड, पाण्याची वाटी आणि चमचा एवढे पुरते. विणकामासाठी १६ सेंटीमीटर बाजूचा चौरस कागद प्रत्येक मुलामागे एक याप्रमाणे कापून ठेवावा. तो मधोमध दुमडावा, दुमडलेल्या कडेवर दोन-दोन सेंटीमीटरवर खुणा कराव्यात आणि त्या खुणांपासून वरच्या कडेच्या दोन सेंटीमीटर अलीकडेपर्यंत सात काप द्यावेत. कागद उलगडला की मध्ये आठ उभ्या पट्ट्या तयार होतात आणि वर-खाली त्या जोडलेल्या राहतात. हे काप शिक्षकानेच आदल्या दिवशी देऊन ठेवावेत, कारण तिसरीच्या मुलाकडून दुमडलेला जाड कागद सरळ कापला जात नाही आणि सगळा तास कात्रीतच जातो. आडव्या विणायच्या दोन सेंटीमीटर रुंदीच्या, दुसऱ्या रंगाच्या सहा-सहा पट्ट्या मात्र मुलांनी स्वतः आखून कापाव्यात, कारण ते आखणे हाच मापनाचा सराव आहे.

दुपारसाठी एखाद्या पालकाला बोलवायचे असेल तर तेही आदल्या दिवशीच ठरवावे. रात्रपाळी करून दिवसा घरी असणारे मागकामगार विनंती केल्यास अर्धा तास येऊ शकतात, आणि आपल्या वडिलांना किंवा मामांना वर्गात खुर्ची मिळाली याचा मुलाच्या चेहऱ्यावर दिसणारा आनंद त्याच्या शिकण्यालाही बळ देतो. त्यांची झोप मोडू नये एवढी वेळ मात्र त्यांना विचारूनच निश्चित करावी.

बैठक

बसण्याची जागा ही शिकण्याची जागा असते, म्हणून ती सवयीवर सोडू नये. वाचनात मागे असलेली मुले हळूहळू मागच्या कोपऱ्यात एकत्र जमा होतात आणि काही आठवड्यांत त्या कोपऱ्याकडे शिक्षकाची पाठच होते. या मुलांची जागा जेथे शिक्षक दिवसातून सर्वांत जास्त वेळा जातो तेथे, म्हणजे फळ्याजवळ आणि दाराच्या बाजूला असावी. घरी फक्त तेलुगू किंवा कन्नड ऐकणाऱ्या मुलाशेजारी ती भाषा आणि मराठी या दोन्ही येणारे मूल बसवावे. असा जोडीदार सूचना समजावून देतो आणि त्याचे स्वतःचेही मराठी पक्के होत जाते. ही जोडी दर पंधरवड्याला बदलावी, नाहीतर एक मूल कायमचे दुभाषा होऊन बसते आणि दुसरे स्वतः ऐकण्याचे सोडून देते.

परिपाठ आणि हजेरी

परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष असा क्रम ठरलेला असतो. त्यात सुधारणा करण्यास वाव असलेला भाग म्हणजे दिनविशेष. पाठ करून एका दमात म्हटलेली तारीख कोणाच्याही लक्षात राहत नाही. तीच गोष्ट गावाशी जोडली की मुले प्रश्न विचारू लागतात. १२ जानेवारीचे उदाहरण घ्यावे. १९३१ मध्ये या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. शहरातील चार हुतात्म्यांचे पुतळे मुलांनी येता-जाता पाहिलेले असतात, म्हणून आदल्या दिवशी ‘ते चार पुतळे कोणाचे, हे घरी विचारून या’ एवढेच सांगावे आणि परिपाठात मुलांनाच सांगू द्यावे. कोणाचे आजोबा काय सांगतील याचा अंदाज नसतो आणि तेथेच खरी माहिती वर्गात येते.

याच आठवड्यात सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक आणि अक्षता सोहळा पाहण्यासाठी गेलेली मुले दुसऱ्या दिवशी उशिरा येतात किंवा येतच नाहीत. या दिवसांत भागाकारासारखा नवा आणि क्रमाने जाणारा घटक सुरू करू नये. आलेल्या मुलांकडून यात्रेचे तोंडी वर्णन घेणे, मिरवणुकीतील सात नंदीध्वजांचे चित्र काढून त्याखाली वाक्ये लिहिणे, यात्रेतील खेळण्यांच्या किमतींवर बेरीज-वजाबाकी करणे हे काम या आठवड्यात उत्तम होते.

हजेरी शिक्षकाने एकट्याने नावे पुकारून घेण्याऐवजी मुलांकडून घ्यावी. दाराजवळ नावांच्या पट्ट्या टांगाव्यात, आलेल्या मुलाने आपली पट्टी ‘आलो’ या बाजूला लावावी आणि त्या दिवशीच्या दोन हजेरीप्रमुखांनी फळ्यावर पट, उपस्थित आणि गैरहजर अशा तीन संख्या लिहाव्यात. पट तीस आणि उपस्थित सव्वीस असतील, तर चार ही संख्या कशी काढली हे त्यांनी सांगावे. कोणी सव्वीसपासून पुढे मोजेल, कोणी तिसांतून वजा करेल. दोन्ही पद्धती फळ्यावर शेजारी-शेजारी मांडाव्यात.

भाषेचा दीड तास

सकाळी मुले ताजी असतात, म्हणून भाषा आणि गणित जेवणाआधीच व्हावे. भाषेच्या तासाची सुरुवात पुस्तक उघडून करू नये. टॉवेल हातोहात फिरवावा आणि ‘हा कोणी केला असेल, कसा केला असेल, तुमच्या घरी याचे कोणते काम चालते’ असे तीन प्रश्न विचारून आधी जोडीत बोलण्यास तीन-चार मिनिटे द्यावीत. जोडीत बोलताना तीस मुलांपैकी पंधरा मुले एकाच वेळी बोलत असतात, तर शिक्षकाने एकेकाला उभे करून विचारल्यास एकोणतीस मुले ऐकण्याचे नाटक करत असतात. हा फरक लक्षात घेतला की वर्गातील गलबल्याची भीती कमी होते. तीन टाळ्यांचा किंवा हात वर करण्याचा एकच इशारा ठरवून तो जूनमध्येच पक्का करून घेतला, तर हा गलबला दहा सेकंदांत थांबवता येतो. ओरडून गप्प करण्याची वेळ येत नाही. शिक्षा करण्याचा तर प्रश्नच नाही, कारण मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने स्पष्टपणे निषिद्ध ठरवले आहे.

जोडीतील बोलणे कोणत्याही भाषेत होऊ द्यावे. त्यानंतर मुले सांगतील ती वाक्ये शिक्षकाने फळ्यावर मराठीत लिहावीत. एखादे मूल सोलापुरी वळणाने ‘माझे बाबा माग चालवलालेत’ असे म्हणेल. ते चूक आहे असे सांगून त्याला मध्येच थांबवू नये, कारण तसे दोन-चार वेळा झाले की ते मूल बोलणेच बंद करते. त्याचे बोलणे पूर्ण ऐकून घ्यावे, फळ्यावर ‘माझे बाबा माग चालवत आहेत’ असे लिहावे आणि ‘आपण बोलताना असे बोलतो, पुस्तकात असे लिहितात’ एवढे सहजपणे सांगावे. मुलाला दोन्ही वळणे येणे ही त्याची श्रीमंती आहे. एखादा शब्द मराठीत आठवला नाही तर तो तेलुगू, कन्नड किंवा दखनीत सांगू द्यावा आणि भिंतीवरील शब्दतक्त्यात शेजारी-शेजारी लिहावा. पाणी, नीळ्ळु, नीरु, पानी अशी एक ओळ तक्त्यावर आली की त्या भाषा घरी बोलणाऱ्या चारही मुलांना आपले घर भिंतीवर दिसते, आणि उरलेल्या वर्गाला तीन नवे शब्द मिळतात.

फळ्यावर मुलांचीच आठ-दहा वाक्ये झाली की ती वाचन-पाठ म्हणून वापरावीत. प्रथम शिक्षकाने प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत वाचावे, मग सर्वांनी मिळून वाचावे, मग ज्याचे वाक्य त्याने वाचावे. ज्या मुलाला अजून सलग वाचता येत नाही त्यालाही स्वतः सांगितलेले वाक्य वाचता येते, कारण त्याचा अर्थ त्याला आधीच माहीत असतो. त्या वाक्यातील ‘माग’, ‘बाबा’, ‘धागा’ हे शब्द पट्टीवर लिहून त्याला द्यावेत आणि त्यांतील अक्षरांपासून नवे शब्द जुळवण्यास सांगावे.

लिहिण्याच्या वेळी फळा पुसावा. ही सूचना अनेकांना कठोर वाटते, तरीही ती पाळावी. फळा समोर असला की तीस वह्यांत एकसारखी, सुबक, निर्दोष वाक्ये उतरतात आणि एकाही मुलाने स्वतःहून एक शब्दही लिहिलेला नसतो. फळा पुसल्यावर वाक्ये वेडीवाकडी येतील, ‘टाॅवेल’, ‘टावेल’, ‘टोवेल’ अशी निरनिराळी रूपे दिसतील, पण मूल कोठे उभे आहे हे त्यातूनच कळते. अडणाऱ्यांसाठी शब्दतक्ता भिंतीवर आहेच. लिहिलेले तपासताना सर्व चुका लाल करू नयेत. त्या दिवसापुरती एक गोष्ट निवडावी, उदाहरणार्थ दोन शब्दांत सोडलेली जागा, आणि तेवढीच सर्वांच्या वहीत पाहावी.

मुले लिहीत असताना शिक्षकाने खुर्चीत बसून वह्यांचे गठ्ठे उपसू नयेत. रोज पाच मुलांना एकेक करून जवळ बोलवावे आणि प्रत्येकाकडून दोन-तीन मिनिटे न पाहिलेला छोटा उतारा वाचून घ्यावा. तीस मुलांच्या वर्गात सोमवार ते शनिवार या सहा दिवसांत प्रत्येक मुलाची पाळी एकदा येते. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाले तेव्हापासून तिसरीअखेर समजून वाचता येणे हे उद्दिष्ट सर्वांच्या तोंडी आहे, परंतु ते साधले की नाही हे सांगणारे दुसरे इतके सोपे आणि विनाखर्चाचे साधन मला माहीत नाही.

गणित

मापनाकडे वळण्यापूर्वी दहा मिनिटे संख्यावाचनास द्यावीत, आणि सोलापुरात ती विशेष काळजीने द्यावीत. मराठीत ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि लिहिताना चार आधी येतात, म्हणून अनेक मुले ४७ ऐवजी ७४ लिहितात. घरी तेलुगूत ‘नलभै एडु’ किंवा कन्नडात ‘नलवत्तेळु’ ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर मात्र चाळीस आधी आणि सात नंतर असा, लेखनाशी जुळणारा क्रम पडलेला असतो. म्हणजे ज्या मुलाला आपण मराठी संख्यानामांत कच्चे समजतो त्याला दशक-एककाची रचना कदाचित इतरांपेक्षा लवकर कळू शकते. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये संख्या ‘वीस एक’ अशा रीतीने वाचण्याची पद्धत आली तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. माझ्या मते पायरी म्हणून ती रीत योग्य आहे, परंतु ‘एकवीस’, ‘सत्तेचाळीस’ ही नावे मुलांना बाजारात, बसमध्ये आणि पुढच्या इयत्तांत लागणारच आहेत, म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी शिकवावीत. काड्यांच्या दहा-दहाच्या चार पेंढ्या आणि सात सुट्या काड्या समोर ठेवाव्यात, मुलाकडून ‘चाळीस आणि सात’ असे म्हणवून घ्यावे, मग ‘सत्तेचाळीस’ म्हणवून घ्यावे आणि शेवटी ४७ लिहून घ्यावे. तेलुगू आणि कन्नड येणाऱ्या मुलांनी आपल्या भाषेतील नाव सांगून त्यात चाळीस कोठे आणि सात कोठे हे वर्गाला दाखवावे.

मापनाची सुरुवात वितीने करावी. टॉवेल फरशीवर अंथरून चार मुलांना त्याची लांबी आपापल्या वितीने मोजू द्यावी आणि उत्तरे फळ्यावर लिहावीत. उत्तरे वेगवेगळी येतात. कोणाचे बरोबर, असा वाद मुलांतच सुरू होतो आणि तो काही वेळ चालू द्यावा, कारण सर्वांसाठी एकच माप असण्याची गरज या वादातूनच उभी राहते. शिक्षकाने ती आधीच सांगून टाकली तर मुले फक्त ऐकून घेतात. त्यानंतर शिंप्याची फीत आणावी. अंगपुसणीचा मोठा टॉवेल साधारणतः दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद असतो. प्रथम अंदाज, मग माप, मग दोन्हींतील फरक असे तीन रकाने वहीत आखून घ्यावेत. अंदाज चुकला तरी तो खोडायचा नाही, हा नियम आधीच सांगावा.

यानंतर मुलांनी सहा पट्ट्या आखून कापाव्यात आणि तयार कागदावर विणावयास घ्याव्यात. पहिली पट्टी एका उभ्या पट्टीवरून, पुढच्या उभ्या पट्टीखालून, अशी न्यावी. दुसरी पट्टी उलट, म्हणजे आधी खालून आणि मग वरून न्यावी. पुष्कळ मुले दुसरी ओळही पहिल्यासारखीच घालतात आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींवर सरकतात. तेथे शिक्षकाने हात घालू नये, शेजारच्याचे पाहून मुले स्वतः दुरुस्त करतात. विणून झाल्यावर पहिली, तिसरी आणि पाचवी ओळ एकसारखी का दिसते असे विचारावे, म्हणजे सम-विषम संख्या तेथेच भेटतात. एका ओळीत आठ चौकटी आणि ओळी सहा, म्हणून सहा आठे अठ्ठेचाळीस. त्यांपैकी आडव्या रंगाच्या किती आणि उभ्या रंगाच्या किती हे आधी ओळखू द्यावे आणि मग मोजू द्यावे. दोन्ही चोवीसच येतात. लवकर संपवणाऱ्या मुलांना दोन वरून, एक खालून अशी वेगळी वीण घालून पाहण्यास सांगावे आणि रंगांचा हिशोब आता का बदलला, हे शोधण्याचे काम द्यावे. पाढा पाठ असणे आवश्यकच आहे, त्याला पर्याय नाही, परंतु ‘सहा आठे’ म्हणजे नेमके काय हे आपल्या हाताने विणलेल्या कागदावर बोट ठेवून मुलाला दाखवता आले पाहिजे.

जेवण आणि दुपार

पोषण आहाराच्या वेळी हात धुणे, रांग आणि सांडलवंड न करता वाढून घेणे एवढ्याकडे लक्ष पुरेसे आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य ठरलेले आहे, तेव्हा सव्वीस मुलांना किती तांदूळ लागला असेल हा हिशोब एखाद्या दिवशी गमतीने करून पाहावा, पण ताटावर बसलेल्या मुलाला रोज प्रश्न विचारू नयेत. त्याला जेवू द्यावे.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो आणि मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते, परंतु त्याआधीच्या दुपारीही जेवणानंतर पत्र्याखालच्या वर्गात बसणे जड जाते. म्हणून जेवणानंतरची पहिली पंधरा मिनिटे शिक्षकाने गोष्ट वाचून दाखवावी. मुलांनी आडवे पडून ऐकले तरी चालेल. सर्वांनी एकदा पाणी प्यावे आणि मग हाताच्या कामाला लागावे.

परिसर अभ्यासात टॉवेल आणि साधे सुती कापड शेजारी ठेवून त्यांवर एकेक चमचा पाणी टाकावयाचे आहे. कोणते कापड पाणी लवकर शोषेल, हे मुलांनी आधी हात वर करून सांगावे आणि त्याचे कारणही सांगावे. प्रयोगानंतर टॉवेल जवळून पाहिला की दोन्ही बाजूंनी वर आलेले धाग्यांचे लहान लहान फासे दिसतात. टेरी टॉवेलमध्ये उभ्या धाग्यांचे दोन संच असतात, एक ताणून धरलेला आणि दुसरा सैल सोडलेला, आणि सैल धाग्याचे हे फासे पाणी धरून ठेवतात. पालक आले असतील तर हे त्यांच्याच तोंडून येऊ द्यावे. ताणा (उभा धागा), बाणा (आडवा धागा) आणि आडवा धागा नेणारा धोटा या गोष्टी ते हातवारे करून जितक्या स्पष्टपणे सांगतील तितक्या पुस्तकातून सांगता येत नाहीत. मुलांनी प्रश्न आदल्या दिवशी लिहून ठेवलेले असावेत, नाहीतर पाहुण्यांसमोर सगळा वर्ग अवघडून बसतो. ‘मागाचा आवाज ऐकून कान दुखत नाहीत का’, ‘रात्री झोप येते तेव्हा काय करता’ असे प्रश्न मुले विचारतात. ते थांबवू नयेत, कारण परिसर अभ्यासाचा गाभा अशाच प्रश्नांत आहे.

दोन इयत्ता एका खोलीत असतील तर

जिल्ह्यातील वस्त्यांवरच्या अनेक शाळांत दोन शिक्षक आणि चार इयत्ता अशी स्थिती असते. तेथे वरील आखणी थोडी बदलावी. गप्पा, गोष्ट आणि पाण्याचा प्रयोग दोन्ही इयत्तांनी एकत्र करावा. त्यानंतर एका इयत्तेला शिक्षकासमवेत काम आणि दुसरीला स्वतः करण्याचे काम द्यावे, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी अदलाबदल करावी. स्वतः करण्याचे काम आदल्या दिवशी समजावून दिलेलेच असावे, नवे नसावे. तिसरी विणत असताना चौथी टॉवेलची परिमिती काढू शकते.

गळीत हंगामात ऊसतोड कुटुंबांसोबत मुले मधूनच येतात आणि जातात. आलेल्या मुलाचे शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला आधीच्या शाळेने दिलेले कार्ड) असल्यास ते पाहावे, नसल्यास पहिल्याच दिवशी एक छोटा उतारा आणि काड्यांवरील एक बेरीज देऊन ते कोठवर आले आहे हे जाणून घ्यावे. त्याला मागच्या बाकावर चित्रे रंगवत बसवून ठेवणे हा त्या मुलावर अन्याय आहे. ते तीन महिने राहणार असो किंवा तीन आठवडे, त्याची वाचनाची पाळी पाच मुलांच्या यादीत यायलाच हवी.

शेवटची वीस मिनिटे आणि नोंदी

शेवटच्या वीस मिनिटांत नवे काही घेऊ नये. जोडीदाराला आपली विणलेली चौकट दाखवून ‘मी आज हे कसे केले’ हे सांगावे आणि सकाळी लिहिलेली वाक्ये एकमेकांना वाचून दाखवावीत. गृहपाठ देताना घरची स्थिती डोळ्यांसमोर असावी. पूर्व भागातील कित्येक घरांत आई दिवसभर विड्या वळते आणि संध्याकाळी कारखान्यात माल देऊन येते, तर वडील पाळीवर असतात. मोठ्या माणसाने शेजारी बसून करवून घ्यावा लागेल असा गृहपाठ तेथे होणार नाही आणि त्याची शिक्षा मात्र मुलाला होईल. ‘घरातील तीन वस्तूंची लांबी वितीने मोजून लिहा’ किंवा ‘आजीला विचारा, पूर्वी टॉवेल कसा विणत’ असा गृहपाठ मूल एकटे, कोणत्याही भाषेत पूर्ण करू शकते.

मुले गेल्यावर पंधरा मिनिटे नोंदवहीसाठी राखून ठेवावीत. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी अपेक्षित आहेत, आणि सत्राच्या शेवटी एका बैठकीत सर्व मुलांसाठी ‘वाचन चांगले’, ‘गणितात रस घेतो’ असे लिहून टाकण्याची पद्धत पडली आहे. अशा नोंदीचा मुलाला किंवा पुढच्या शिक्षकाला काहीच उपयोग होत नाही. रोज फक्त पाच-सहा मुलांविषयी लिहावे, पण पाहिलेले तेच लिहावे. ‘हातच्याची बेरीज काड्यांनी करते, वहीत मांडताना हातचा विसरते.’ ‘स्वतःचे वाक्य वाचतो, नव्या उताऱ्यात जोडाक्षरावर थांबतो.’ ‘घरी कन्नड, वर्गात आज प्रथमच आपणहून मराठीत प्रश्न विचारला.’ अशा एकेका ओळीवरून त्या मुलासाठी उद्या काय करायचे ते लगेच ठरवता येते.

आदल्या दिवशी तयारीत लिहिलेली तीन वाक्ये आता पुन्हा काढावीत आणि प्रत्येकासमोर ज्यांना ते करता आले नाही त्यांची नावे लिहावीत. मापनाच्या वाक्यासमोर बहुधा तीन-चार नावे अशी येतील, की ज्यांनी मोजपट्टी शून्याऐवजी एकच्या खुणेपासून लावली आणि म्हणून प्रत्येक माप एक सेंटीमीटरने जास्त लिहिले. ही चूक सांगून जात नाही. उद्या गणिताच्या तासाला या मुलांना पहिल्या काही सेंटीमीटरची खूण तुटलेली पट्टी द्यावी आणि तिने पेन्सिलची लांबी मोजण्यास सांगावे, म्हणजे पट्टीवरील आकडा वाचण्याऐवजी दोन खुणांमधील अंतर मोजावे लागते हे त्यांना स्वतः शोधून काढावे लागेल.